मुंबई कोणाची आणि चौथी सीट कोणाची

लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या माणसाला मत नसतं. त्याला अर्धी मांडी असते. उरलेली अर्धी पॅसेजमध्ये लोंबकळत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्यांचा मार खात असते. डोंबिवली ते सीएसटी हे सुमारे ४८ किलोमीटर रोज असं अर्ध्यावर बसून काढताना मी कुठल्याही वादात ‘बरोबर आहे तुमचं’ एवढ्या एका वाक्यावर वर्षानुवर्षं निभावून नेलं होतं. नोव्हेंबर २००९मध्ये सचिन तेंडुलकरने माझी ही सोय बंद केली.

झालं होतं एवढंच. १५ नोव्हेंबर १९८९ला कराचीत सोळा वर्षांचा पोरगा पहिल्यांदा कसोटीला उतरला, त्याला वीस वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त शुक्रवारी, १३ तारखेला मुंबईत पत्रकार परिषद झाली. दिवस नाजूक होते. चारच दिवसांपूर्वी विधानसभेत शपथ कुठल्या भाषेत घ्यायची यावरून हातघाई झाली होती. तेव्हा सचिनला मुंबईबद्दल विचारलं जाणार हे ठरलेलंच होतं. तो म्हणाला, मी महाराष्ट्रीय आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, पण आधी मी भारतीय आहे. मुंबई सगळ्या भारतीयांची आहे.

हेच वाक्य मी म्हणालो असतो तर बायकोने ‘येताना कोथिंबीर आणा’ म्हटलं असतं. पण बोलला सचिन. सोमवारी सकाळी ‘सामना’त बाळासाहेबांनी त्याला जाहीर समज दिली. क्रिकेट खेळा, राजकारणाच्या पिचवर येऊ नका. या बोलण्याने मराठी मनात तुम्ही धावबाद झालात, असा एकूण सूर. मुंबई मिळवताना १०५ जणांनी प्राण दिले तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता, हेही त्यात होतं.

तो पेपर ८:१४च्या लोकलमध्ये आमच्या खिडकीवाल्या काकांच्या हातात होता. समोर बँकवाला. हा सचिन खेळत असताना बसायची जागा बदलत नाही. एकदा शतक होईपर्यंत हा न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीने बसून राहिला होता.

“सचिन चुकला म्हणायचंय का तुम्हाला?” बँकवाल्याने विचारलं.

“सचिन चुकला नाही. बोलणं चुकलं.”

“मग बोललं कोण?”

“सचिन.”

काकांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी ते सहा वर्षांचे, गिरगावात राहायला. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाल्याची बातमी आली तेव्हा चाळीत संध्याकाळी कुणाच्याच घरी चूल पेटली नाही, हे ते सांगतात तेव्हा आवाज खाली येतो. एकशे पाच हा आकडा ते सावकाश उच्चारतात आणि तेवढ्यापुरतं डब्यात कुणी पत्तेही पिसत नाही. बँकवाल्याचंही खोटं नव्हतं. ज्याची बॅट अख्ख्या देशाची, त्याचं गाव तेवढं एकट्या आपलं कसं?

मी दोघांनाही ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणालो. ठाणं येईपर्यंत ही लबाडी पकडली गेली.

“तू सांग. मुंबई कोणाची?”

गाडीने मुलुंड टाकलं. बाहेर बोर्ड मागे पळत होता आणि माझ्या तोंडून सुटलं, “मुंबई सुरू आत्ता झाली. आपण राहतो ठाणे जिल्ह्यात. कोणाची का असेना, आपली नक्की नाही.”

मघापासून एकमेकांवर तुटून पडलेले दोघे क्षणात एक झाले. काकांनी पेपरची घडी घातली. बँकवाला म्हणाला, “ह्याला पण प्रेस कॉन्फरन्स घ्यायला लावा.” दादरला मला ढकलून पलीकडच्या बाकावरचा एक जण चौथा बसला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

खरं म्हणजे मी आधीच शहाणा व्हायला हवा होतो. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या गावच्या, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, देवळाचा जीर्णोद्धार झाला. वर्गणी दिली म्हणून मला शाल, नारळ आणि नको असताना माईक देण्यात आला. माईक हातात आला की चाकरमान्याला गहिवर येतो. मी म्हणालो, “हे गाव एका कुणाचं नाही, सगळ्यांचं आहे.” टाळ्या पडल्या. तेंडुलकरला तरी तीन दिवस मिळाले, मला एक रात्र मिळाली.

सकाळी चुलतभाऊ अंगणात उभा. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत आणि सामाईक हद्दीवर एक फणस आहे. चौदापैकी नऊ जण त्या फणसाच्या बाबतीत एकमेकांशी बोलत नाहीत.

“गाव सगळ्यांचो?” तो म्हणाला. “म्हणजे फणसय सगळ्यांचो काय रे?”

मी म्हटलं, मी भावनेच्या अर्थाने बोललो.

“भावना होयी तितकी न्हे. फणस हयच ऱ्हवांदे.”

दुपारपर्यंत मी वाटणीचा दावा लावणार असल्याचं तिठ्यावर पोचलं होतं. संध्याकाळी काकी पेज वाढता वाढता म्हणाली, “मुंबैत ऱ्हवन तुका काय जाता बोलाक?” डोंबिवली मुंबईत येत नाही हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता, आमच्या गावाहून बघितलं तर पनवेल ओलांडलं की सगळी मुंबईच. निघताना दर वर्षी पोतं भरून गरे मिळतात. त्या वर्षी फणसाची एक बी मिळाली नाही.

असो. त्या सोमवारीच अहमदाबादला श्रीलंकेविरुद्ध कसोटी सुरू झाली. मी ऑफिसात पंच करून पंख्याखाली बसतो न बसतो तोच बातमी आली, सचिन चार धावांवर बाद. बघता बघता ३२ला ४. अग्रलेखाची शाई वाळली नव्हती आणि हे! संध्याकाळच्या गाडीत मला वाटलं, काका आज पेढे वाटतात की काय. काका खिडकीबाहेर बघत बसलेले. बँकवाल्याने टोमणा मारला, “बघा, पेपरात धावबाद लिहिलं होतं. इथे त्रिफळा उडाला. तपशील चुकला तुमचा.”

“अरे, बोलायचं म्हणून माणूस बोलतो,” काका चिडून म्हणाले. “खरंच आउट व्हायला कुणी सांगितलं होतं?”

पुढचे तीन-चार दिवस टीव्हीवर देशभरातले पुढारी सचिनच्या बाजूने बोलत होते. यातल्या किती जणांनी दादरला गर्दीच्या वेळी गाडीतून उतरून दाखवलं असतं, हा प्रश्न मला पडला, पण मी आता प्रश्न विचारणं सोडलं होतं. मैदानावर द्रविडने १७७ काढून डाव सावरला, धोनीने शतक केलं, मग जयवर्धनेने २७५ ठोकून आपल्या गोलंदाजांना उन्हात वाळत घातलं.

शुक्रवारी, २० तारखेला मॅच वाचवायची होती. सचिन दुसऱ्या डावात शेवटपर्यंत उभा राहिला. नाबाद १००. कसोटीतलं त्रेचाळिसावं शतक, त्यातच आंतरराष्ट्रीय धावा तीस हजारांच्या पार. संध्याकाळी मला चौथी सीट परत मिळाली. बहुतेक आनंदाच्या भरात. काका प्रत्येक स्टेशनला चढणाऱ्याला स्कोअर सांगत होते. “आपला सचिन” म्हणत होते. सोमवारचं कुणी काढलं नाही. बँकवाल्याने तोंड उघडलं होतं, पण काकांनी त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले.

दादरला एक घामाघूम माणूस शिरला, डोक्यावर गाठोडं. त्याने काकांना विचारलं, “चाचा, सचिन का सौ हुआ क्या?”

“हो गया. नॉट आउट,” काका म्हणाले. “किधर उतरने का?”

“दिवा.”

“अरे, ये फास्ट है. दिवा को नही रुकती. डोंबिवली उतरके उलटा स्लो पकडो. इतना दूर खडा कायको रहेगा? बैठो, बैठो इधर.”

आणि काकांनी मोठ्या मनाने त्याला चौथी सीट दिली.