पाठ आणि प्रेरणा, दोन वेगळे वाद

‘बायबल बदललं, कुराणात अक्षराचाही फरक नाही’ हे एका लेखातलं विधान आणि त्याखाली प्रतिक्रियांत आलेलं ‘बायबल जसंच्या तसं, भेसळ कुराणात’ हे नेमकं उलटं उत्तर, दोन्ही घाईची आहेत. आधी हस्तलिखितं बघा. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट, १६:९-२०, हा भाग बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही ग्रीक हस्तलिखित प्रतींत नाही. १ योहान ५:७ मधलं त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा एकच असल्याचं) वाक्य इरॅस्मस या विद्वान संपादकाने १५१६ च्या ग्रीक आवृत्तीत घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. आपल्या मराठी बायबलात या दोन ठिकाणी कंस किंवा तळटीप आहे का, तेवढं पडताळा.

कुराणाच्या बाबतीत बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या हस्तलिखित पानांचा दाखला सगळे देतात: कार्बन चाचणीने काळ इ.स. ५६८ ते ६४५. पण हा काळ चामड्याचा, शाईचा नव्हे. १९७२ मध्ये येमेनमधल्या सना इथे सापडलेल्या प्रतींपैकी एकीत खरवडून पुसलेला खालचा मजकूर आहे आणि त्यात शब्दांचे फरक दिसतात. कुराण पठणाच्या हफ्स आणि वर्श या दोन मान्य परंपरा आहेत; आजही हफ्समध्ये अल-बकरा या अध्यायाच्या २८६ आयती (वचनं), वर्शमध्ये २८५. मजकूर जवळपास तोच, आयतींची मोजणी वेगळी. ह्यावरून ‘भेसळ’ म्हणणं चूकच.

प्रेरणेचा, म्हणजे ग्रंथ ईश्वराकडून आला का, हा प्रश्न निराळा. इस्लाममध्ये वही (ईश्वरी संदेश) शब्दशः उतरलेली मानतात; बायबलमधला शुभवर्तमानकार लूक मात्र सुरुवातीलाच सांगतो की आपण नीट शोध घेऊन लिहितोय. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की वाद भरकटतोच. पाठ जसाच्या तसा टिकला म्हणून तो ईश्वरी ठरत नाही, फरक सापडले म्हणून मानवीही ठरत नाही. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आणि वाइल्डर मेमोरियल चर्च ज्या कोल्हापुरात आहेत, तिथल्या वाचकांनी तरी एकमेकांचे ग्रंथ तळटिपांसकट वाचूनच बोलावं.