पाकीट कापा, पण नाव गिऱ्हाइकाला द्या

कोल्हापुरात मेडिकल चालवणारा माणूस म्हणून लिहितोय, त्यामुळे धंद्यातल्या काही मित्रांना झोंबेल. झोंबू दे.

दहाच्या पाकिटातून दोन गोळ्या कापून द्यायला माझी अजिबात हरकत नाही. रोजंदारीवरचा माणूस अंगदुखीसाठी अख्खं पाकीट कशाला घेईल? हरकत आहे ती नाव छापलेला तुकडा आमच्या ड्रॉवरमध्ये आणि बिननावाच्या दोन गोळ्या त्याच्या खिशात, या वाटणीला. काही दवाखान्यांतून मिळणाऱ्या कागदी पुडीचा तर जास्तच राग येतो. एक पांढरी, एक पिवळी, अर्धी गुलाबी, सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर. कशाच्या? विचारायची सोय नाही.

मग काउंटरवर ठरलेलं वाक्य येतं, ‘मागच्या टायमाची ती पांढरी द्या की.’ अहो, पांढऱ्या गोळ्यांनीच माझं अर्धं कपाट भरलंय!

उद्यमनगरात लेथवर काम करणारे एकजण मलम मागायला आले होते. खालच्या ओठावर रुपयाएवढा जांभळट-काळा डाग, मधे कातडी सोललेली. म्हणाले, ‘उष्णता उठलीया.’ याआधी कधी उठलं होतं का, विचारलं. ‘दरवेळी हितंच उठतंय. बरं झालं तरी काळं ऱ्हातंय.’ त्याआधी अंगदुखीची गोळी घेतली होती? घेतली होती. कुठली? आता उत्तर तुम्हीच ओळखा.

ठरावीक औषध पोटात गेलं की काही तासांत दर खेपेला त्याच जागी डाग उठतो, याला डॉक्टर फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. ओठ, हात, गुप्तांग या नेहमीच्या जागा. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, मेफेनामिक ॲसिड, कधी साधं पॅरासिटामॉलसुद्धा कारण असतं, नाहीतर सोबत दिलेली अँटिबायोटिक. यानं सहसा जिवाला धोका नसतो. पण त्या माणसाला आयुष्यभर कुठली गोळी टाळायची हे सांगायचं, तर नाव हवं. त्यांना मी मलम न देता कातडीच्या डॉक्टरांकडे धाडलं. तिथेही पहिला प्रश्न हाच होणार होता.

आता औषधाच्या जिवावर बेतणाऱ्या रिॲक्शनबद्दल. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे नाव 1922 साली दोन मुलांच्या आजाराचं वर्णन करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांवरून पडलं. आधी ताप, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. घरात सगळे म्हणतात व्हायरल आहे. आणि त्या तापावर आणखी एक दुखण्याची गोळी दिली जाते! मग अंगावर लालसर-काळपट चट्टे येतात. ते खाजण्यापेक्षा दुखतात, हे लक्षात ठेवा. तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड येतात, कातडी सुटायला लागते. दहा टक्क्यांपेक्षा कमी अंग सोललं तर हे नाव. तीस टक्क्यांच्या वर गेलं तर टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस, ज्यात दर तीन रुग्णांतला जवळपास एक दगावतो. भाजलेल्या माणसासारखी शुश्रूषा लागते. वाचलेल्यांतल्या काहींची नजर कायमची अधू होते.

आमसुलाचं पाणी लावायची वेळ ही नव्हे. पित्ताच्या गांध्या येतात, खाजतात, काही तासांत विरतात. त्याला आमसूल लावा, मी कोण नको म्हणणार? पण ताप, दुखणारे चट्टे आणि तोंडातले फोड एकत्र दिसले तर नव्यानं सुरू केलेली औषधं थांबवायची आणि सगळ्या गोळ्या सोबत घेऊन थेट सीपीआर, म्हणजे आमचं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, किंवा तसंच मोठं हॉस्पिटल गाठायचं. संशयित औषध जितक्या लवकर बंद होईल तितकी वाचायची शक्यता वाढते. आणि बंद करायचं कुठलं, हे कळायला परत नावच लागतं.

घाबरून गोळ्या फेकू नका. हे दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला एक-दोन, फार तर पाच-सहा. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 38 लाखांच्या वर होता, म्हणजे हिशेबानं वर्षाला मोजकेच रुग्ण. धोकाही मुख्यतः औषध नव्यानं सुरू केल्यावर पहिल्या चार ते आठ आठवड्यांत. वर्षानुवर्षं तीच गोळी पचवणाऱ्या आजींनी उगाच धास्ती घेऊ नये.

सगळ्या गोळ्या सारख्या धोक्याच्याही नाहीत. गुडघेदुखीवरच्या पिरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम या गटाचं नाव यात जास्त येतं. वाल्डेकॉक्सिब ही दुखण्याची गोळी तर 2005 मध्ये बाजारातूनच गेलं, हृदयाच्या धोक्याबरोबर कातडीच्या रिॲक्शन्स हेही कारण होतं. शिवाय लोक ज्याला दुखण्याची गोळी समजतात, पण जी खरी तशी नाही, ती वेगळीच. चेहऱ्याच्या शिरेच्या कळांवर कार्बामाझेपिन देतात, युरिक ॲसिडवर ॲलोप्युरिनॉल. ही दोन्ही या आजाराच्या यादीत अगदी वर आहेत. तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून अंगठा सुजवून घेणाऱ्या आमच्या दोस्तमंडळींनी शेजाऱ्याची युरिक ॲसिडची गोळी परस्पर सुरू करू नये, एवढ्यासाठी सांगितलं.

2023 च्या डिसेंबरात ‘मेफ्टालवर बंदी’ असे मेसेज फिरले. मेफ्टाल म्हणजे मेफेनामिक ॲसिडचीच गोळी. बंदी नव्हतीच. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशननं मेफेनामिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, ड्रेस सिंड्रोम नावाच्या औषधाच्या रिॲक्शनसाठी. त्यात दोन ते आठ आठवड्यांनी ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज येते आणि आत लिव्हरला मार बसतो. पाळीच्या दुखण्यावर पोरी ही गोळी मैत्रिणीच्या पर्समधून घेतात. महिन्याभरानं पुरळ उठल्यावर ती कुणाला आठवणार?

धंद्यातले मित्र म्हणतात, गर्दीत नावं लिहीत कोण बसणार? बसायचं. पाकिटावर लाल रेघ असलेली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत हा नियम आहेच. तो किती पाळला जातो ते सगळ्यांना ठाऊक. निदान कागदी पाकिटावर बॉलपेननं नाव आणि तारीख लिहायला किती वेळ लागतो? उरलेलं पाकीट कंपनीला परत करता यावं म्हणून बॅचचा तुकडा जपतो, तर तेवढी शाई गिऱ्हाइकासाठीही खर्च होऊ दे.

तुम्हीही दोन गोळ्या घेतल्यात तरी कापायच्या आधी अख्ख्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढा. दुकानदारानं तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान बघा. दवाखान्याची पुडी मिळाली तर नावं चिठ्ठीवर लिहून मागा. रिॲक्शन आली तर 1800-180-3024 या सरकारी टोल फ्री नंबरवर रुग्णालाही कळवता येतं. आणि ज्यांना एकदा झालंय त्यांनी औषधाचं नाव लिहिलेला कागद आधार कार्डाबरोबर पाकिटात ठेवा. दात काढायला गेलात तरी आधी तो दाखवा, कारण तिथून दुखण्याची गोळी घेतल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही.