फॉरेनर नको म्हणे!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट फॉरेनरला देण्यास सभासदांचा विरोध आहे.’ खाली अकरा अंगठे. त्यात दोन अंगठे अशांचे, ज्यांच्या पोरांचं दहावीचं गणित याच फॉरेनरनं काढून दिलं. फुकट. चहाशिवाय काही घेतलं नाही माणसानं.

फॉरेनर म्हणजे आमचे सर. येमेनचे, ताइझ शहराचे. २०१३ ला आपल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला आले. इकडं प्रबंध चालू आणि तिकडं देश पेटला. २०१४ ला हूथी बंडखोरांनी राजधानी साना घेतली, २०१५ च्या मार्चपासून सौदीची विमानं बॉम्ब टाकायला लागली. तेव्हा आपल्या सरकारनं ‘ऑपरेशन राहत’मध्ये आपली माणसं तर आणलीच, ४१ देशांच्या लोकांनाही बाहेर काढलं. काय फॉरवर्ड केलं होतं आपण ते! आता तिथलाच एक माणूस आपल्या जिन्यात नको.

आजीची गोष्ट मी इथं आधीही लिहिलीय. परत लिहितो, वैतागलात तरी चालेल. १९४८ चा उन्हाळा. आमचं गाव परंड्याकडं, निजामाच्या मुलखात. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं आजी रातोरात बैलगाडीत बसली, कडेवर थोरले काका. जातंसुद्धा मागंच राहिलं. पहाटे बार्शी. ज्या वाड्याच्या पडवीत टेकले, तिथल्या बाईनं ना जात विचारली, ना किती दिवस राहणार ते. तीन दगड मांडून दिले, खापरावर विस्तव आणून ठेवला आणि म्हणाली, “आधी पोराला पेज कर, मग रड.”

आजीला त्या बाईचं नाव शेवटी आठवत नव्हतं. खापर आठवायचं.

कागदांचं काय सांगू? भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतल्या कार्यालयातून एक कार्ड मिळतं. ते दाखवलं की समोरचा उलटंपालटं करून बघतो आणि आधार कार्ड मागतो.

मग सर इतकी वर्षं जगले कशावर? बेगमपुऱ्यातल्या एका किराणावाल्याच्या वहीवर. नाव नीट लिहिता येईना म्हणून त्यानं पानावर ‘सर येमेन’ एवढंच लिहिलेलं. तांदूळ, तेल, साबण, रिचार्ज. दोन वर्षांची बाकी, एकदाही ‘कधी देता’ विचारलं नाही. प्रबंधाच्या बाइंडिंगचे पैसे एका मित्रानं भरले, गोधडी हॉस्टेलच्या मावशींनी दिली. आणि २०२१ ला त्या किराणावाल्याचे वडील घाटी दवाखान्यात होते, तेव्हा रोज रात्री डबा कोण पोचवत होतं? ग्रुपवरचं कुणी नव्हतं.

आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा सौ.नं ज्वारीची भाकरी वाढली. सरांनी तुकडा मोडला, नाकाशी धरला, बराच वेळ काही बोललेच नाहीत. येमेनात डोंगरउतारावर ज्वारीच पिकते हो. आईच्या हातची आठवली असणार. आता दारात आले की तेच विचारतात, “वैनी, जेवलाव का?”

आणि येमेनी माणूस मराठवाड्याला नवा आहे का? शाळेत आपल्या बाकावरचे चाऊस आडनावाचे कुठून आले होते? त्यांचे पूर्वज येमेनातल्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले.

कुणीतरी लिहीलच खाली, तुझी आजी अरबाचं नाव काढलं की थुंकायची. थुंकायची. गढीवरच्या अरब पहाऱ्याची दहशत तिनं पाहिली होती. पण ४८ च्याच सप्टेंबरात भारताची फौज शिरून पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर उलटं काय झालं, किती मुसलमान घरं ओस पडली, तेही तीच सांगायची. आवाज खाली करून. “पिंजाऱ्याची बायको परत आलीच नाही,” एवढं म्हणायची आणि गप्प बसायची. तिच्यासाठी कुणी विस्तव आणून ठेवला का, माहीत नाही.

बरं, घरमालकाला ताप आहे, मान्य. परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांत फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. मग भरू की! आपली पोरं पुण्यात खोली शोधायला जातात आणि समोरचा ‘मराठवाड्याचे का?’ म्हणून तोंड वाकडं करतो, तेव्हा कसं झोंबतं? तेव्हा इथंच रात्रभर पोस्टी पडतात.

दुपारी सेक्रेटरी काकांना फोन केला. “तुमचं पटतंय हो, पण लोक काय म्हणतील?” काका, लोक म्हणजे तुम्हीच. पहिला अंगठा तुमचा आहे.

हे सगळं सरांपर्यंत कुणी पोचवलं देव जाणे. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, “दादा, राहू द्या. भांडण नको. दुसरीकडं बघतो.” त्यांच्या जागी मी असतो तर चिडलो असतो. ते चिडलेसुद्धा नाहीत, तेच लागलं मला.

रविवारी मीटिंग आहे, मी जाणार. फ्लॅटमालक अजून तयार आहेत, फॉर्म त्यांच्यासोबत बसून मी भरतो. सौ.नं माळ्यावरची जुनी शेगडी काढून घासायला घेतलीय. एक बर्नर नीट पेटत नाही, तेवढा उद्या दुरुस्तीला टाकतो.