घर आणि देव वेगळे नव्हते
तुमचा लेख आवडला, पण त्यातलं "देवाधर्मात रमलेला माणूस घराला कमीच मिळतो" हे वाक्य टोचलं. माझे पप्पा ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजातले; तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला आयुष्यभर गेले. दुसऱ्या पाळीहून कितीही दमून आले तरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चुकली नाही, आणि ती आम्हा सगळ्यांना सोबत बसवून. आईची कंबरदुखी, आमचे पेपर, शेजारच्या आजींचं आजारपण, सगळं त्यांच्या प्रार्थनेत यायचं. मी बारावीत नापास झालो त्या रात्री त्यांनी मला काहीच विचारलं नाही. फक्त प्रार्थनेत माझं नाव सगळ्यांत आधी घेतलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे आगेरा असतो, नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद मिळतो. आमची शेती कधीच गेली होती, तरी पप्पा एक लोंबी आणून घरातल्या क्रुसाजवळ ठेवत, आणि तिचे पहिले दाणे सोलून आईच्या हातावर देत. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही भावंडं पप्पांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो. प्रार्थना आई सांगते, अजून त्यांच्याच क्रमाने.