दीडशे किलो हवा आणि एक डबा

घरातल्या ड्रॉवरची मापं ज्या सुताराने ठरवली आणि बाजारातल्या डब्यांची मापं ज्या कारखानदाराने ठरवली, त्या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नसते. आमचा टीव्हीखालचा ड्रॉवर आतून साडेसात सेंटिमीटर उंच आहे. बाजारातला डबा एक तर पाच सेंटिमीटरचा असतो, म्हणजे वर नुसतीच हवा खेळते, नाहीतर आठचा असतो. मग ड्रॉवर बंद होत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याचा वेध घेत बसतो. त्या ड्रॉवरमध्ये स्क्रू, वॉशर, रिमोटचे संपलेले आणि न संपलेले सेल, कुलपं हरवलेल्या किल्ल्या आणि कुणाच्या तरी मुंजीतलं चांदीचं नाणं असे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. त्यांना वेगवेगळी बिऱ्हाडं करून द्यावीत, एवढाच माझा हेतू होता.

म्हणून मापाचा डबा घरीच करायचं ठरवलं. कृतीचं नाव व्हॅक्यूम फॉर्मिंग, आणि ती ऐकायला सोपी आहे. प्लास्टिकची शीट तापवून मऊ करायची, साच्यावर टाकायची, खालून हवा काढून घ्यायची. मिठाईच्या पुड्यातला खळग्यांचा ट्रे, दह्याचा कप, लग्नातला तो हातात धरला की चेपणारा ग्लास, हे सगळे असेच जन्माला येतात. फ्रीजच्या आतलं पांढरं अस्तरसुद्धा, कप्प्यांच्या खाचांसकट, सहसा एका अखंड शीटमधून काढलेलं असतं. हे कळल्यापासून मी फ्रीजचं दार उघडून आतल्या कोपऱ्यांवरून हात फिरवत उभा राहू लागलो. आई बायकोला हळूच म्हणाली, "त्याला भूक लागलीय गं. मागायला संकोचतोय."

शीटसाठी रविवार पेठेत गेलो. बोहरी आळीत मिळत नाही अशी वस्तू नाही. फक्त दुकानदाराला ती आपल्याला द्यावीशी वाटली पाहिजे.

"शीट हवी होती. तापवली की वाकणारी."

"सगळ्याच वाकतात. कोणती? अ‍ॅक्रिलिक, एबीएस, हिप्स, पॉलिकार्बोनेट, सनबोर्ड?"

"डबा करायचाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर टांगलेल्या डब्यांच्या माळेकडे पाहिलं. "डबे आहेत की."

माप सांगितल्यावर त्याला माझी दया आली असावी. पण शीट आठ फूट बाय चार फूट अशीच मिळेल म्हणाला. मी स्कूटरवर आलो होतो. "अर्धी द्या ना," म्हटलं, तर म्हणाला, "उरलेल्या अर्धीचं मी काय करू?" अखेर कोपऱ्यातल्या ढिगातून त्याने कटपीस काढून दिले, वजनावर. बरोबर उपदेश फुकट होता आणि तो मात्र उत्तम होता. अ‍ॅक्रिलिकला दीडशे-एकशेसाठ अंश लागतात, घरी नादाला लागू नका. पॉलिकार्बोनेट हवेतला ओलावा पिऊन बसतं. कित्येक तास वाळवल्याशिवाय तापवलं तर आत बुडबुडे धरतं. (पावसाळ्यात आमच्याकडे टॉवेल वाळत नाहीत, शीट कुठून वाळणार?) हिप्स घ्या. हिप्स म्हणजे पॉलिस्टायरीनच, पण त्यात रबर मिसळलेलं असल्याने काडकन तुटत नाही. शिकाऊ माणसाला तेच बरं.

हवा काढायला व्हॅक्यूम क्लीनर घरात होता. प्लायची एक बंद पेटी केली, वरच्या फळीला बारीक भोकं पाडली, बाजूच्या मोठ्या भोकात क्लीनरची नळी बसवली आणि फटी एम-सीलने बुजवल्या. "हा आता शीट खाली ओढणार," असं मी जाहीर करताच अकरावीतला मुलगा म्हणाला, "बाबा, व्हॅक्यूम ओढत नाही. वरची हवा ढकलते." या मुलाच्या क्लासची फी मी भरतो, त्याचा असा उपयोग होतो. मग त्याने हिशोबच मांडला. हवेचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. शीट 30 बाय 30, म्हणजे 900 चौरस सेंटिमीटर. खालची सगळी हवा गेली तर वरून 900 किलोंचा भार. घरगुती क्लीनर फार तर पाचवा-सहावा हिस्सा हवा काढतो असं धरलं, तरी दीडशे किलो. दीडशे किलो म्हणजे माझे दोन्ही मेहुणे एकदम शीटवर बसल्यासारखं. हे उदाहरण बायकोला आवडलं नाही, पण आकडा जुळत होता.

आता मुख्य समारंभ. शीट लाकडी चौकटीत बाइंडर क्लिपांनी चारी बाजूंनी घट्ट पकडायची आणि चौकट ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत, सरकवायची. मग काचेतून पाहत बसायचं. तापू लागली की शीटला आधी लाटा येतात आणि वाटतं, वाया गेली. मग ती आपोआप ताणून सपाट होते आणि वाटतं, काहीच होत नाहीये. आणि मग मधोमध झोळ पडू लागतो. तो झोळ म्हणजे मुहूर्त. त्याआधी काढली तर साच्याला बिलगत नाही, नंतर काढली तर ओटीजीच्या कॉइलला बिलगते. बाहेर काढल्यावर मिलिमीटरभर जाडीची शीट काही सेकंदांत पुन्हा कडक होते. तेवढ्यात ती साच्यावर दाबायची आणि क्लीनर चालू झालेला हवा. कारखान्यात हे यंत्र करतं. यंत्राला सासू, मुलं, कुकर आणि डोअरबेल नसते.

कामं वाटून दिली होती. मुलाने ओटीजीचं दार उघडायचं, मी चौकट आणायची, बायकोने सोफ्यामागचं बटण दाबायचं. झोळ पडला. मी ओरडलो, "आता!"

सगळं शांत. शीट साच्यावर नुसती पडून राहिली.

"अहो, चालूच होता," बायको म्हणाली. "तुम्ही 'आता' म्हणालात म्हणून बंद केला."

पुढच्या खेपेला शब्द बदलले. 'चालू' म्हणजे चालू आणि 'बंद' म्हणजे बंद, यावर तिघांचं एकमत झालं. झोळ पडला, मी "चालू!" म्हणालो, क्लीनर घोंघावला, शीट साच्याला चिकटू लागली, कडा उमटू लागल्या आणि नेमक्या त्या क्षणी आतून आईचा आवाज आला, "तीन शिट्ट्या झाल्या गं, बंद करू का?"

"हो, बंद करा!" असं म्हणताना बायकोच्या स्वतःच्या बोटानेही तेच केलं. अर्धा डबा आणि अर्धा तंबू अशी ती वस्तू आमच्याकडे अजून आहे.

त्यानंतर कुकर आधी उतरवून घेतला. मुलाने बेलची वायर काढून ठेवली. साचा म्हणून योग्य उंचीचा स्टीलचा डबा पालथा घातला होता, त्यावर शीट अशी काही बसली की डोळ्यांचं पारणं फिटलं. गुळगुळीत, पांढरी, एक सुरकुती नाही. पण प्लास्टिक निवताना आकसतं आणि आत जे असेल त्याला आवळतं. त्यातून डब्याच्या भिंती सरळ. मी ओढलं, मुलाने ओढलं, सुरीचं टोक घातलं, थंड पाणी ओतलं. स्टीलचा डबा निघाला नाही. तो बायकोच्या माहेरचा होता आणि त्यावर तिच्या मामींचं नाव कोरलेलं होतं. आता ते नाव प्लास्टिकखाली सुरक्षित आहे, पुसलं जायची भीती नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं. तिने ते लक्षात घेतलं नाही.

"अरे, मोदकाचा साचा पाहिलायस ना?" आई म्हणाली. "त्याच्या पाकळ्या उघडतात म्हणून मोदक सुटतो. पाकळ्या नसतील तर वाटी घे, ती वर पसरट असते. पुरणपोळीच्या दिवशी मुदी कशाच्या पाडतेस तू?" हा शेवटचा प्रश्न बायकोला होता, पण रोख माझ्याकडे. या विषयातली जाणकार मंडळी साच्याच्या भिंतींना तीन ते पाच अंशांचा उतार द्या म्हणून सांगतात. आईने अंश न सांगता भाताची मूद पाडून दाखवली.

उतार दिलेला, वाटीसारखा खोलगट लाकडी साचा केला. डबा सुटला. पण शीट असते तेवढीच आणि डबा खोल हवा, म्हणजे जास्तीचा माल कुठून तरी यायलाच हवा. तो तळाच्या कोपऱ्यांतून येतो. तिथे प्लास्टिक इतकं विरळ झालं की भरलेले स्क्रू बाहेरून मोजता येत होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांतला एक मोजायला बाहेरच आला. एक सोय मात्र आहे. फसलेला डबा पुन्हा ओटीजीत ठेवला की तो आपण होऊन सपाट होऊ लागतो आणि जवळजवळ शीट होऊन बसतो. आपण मुळात कोण होतो हे प्लास्टिक विसरत नाही.

या काळात ओटीजीला एक वास लागला. मी म्हटलं, जातो हळूहळू. बायको म्हणाली, यात पुन्हा नानकटाई होणार नाही. प्लास्टिक तापवलेल्या भट्टीत खायचं काही करू नये हे खरंच आहे, त्यामुळे वाद घालता आला नाही. दिवाळी तोंडावर होती, नवा ओटीजी आला. ती रक्कम डब्याच्या किमतीत धरू नये, असं माझं मत आहे.

आणि मग बाथरूमचा नळ गळतो म्हणून प्लंबर आला. हॉलमधली पेटी, नळी, चौकट पाहून तो थबकला. "साहेब, हे काय, मच्छर मारायचं?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्याने ड्रॉवर उघडला, आत हात घालून "चार बोटं" असं माप घेतलं आणि गच्चीवर पडलेला चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घेऊन आला. करवतीने उभा चिरला. दोन जुने पेपर पेटवले आणि त्या आगीवर, पण आगीत नाही, पाइप फिरवत राहिला. "काळा नाही पाडायचा. काळा पडला की धूर घशाला लागतो." (पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेच.") नव्वद-शंभर अंशांतच पाइप लेचापेचा झाला. त्याने तो उलगडला, दोन पाटांमध्ये घातला आणि वर बसून घामाने भिजलेला चेहरा पुसला. उठला तेव्हा खाली फूटभर रुंदीची सपाट शीट. ती पुन्हा गरम करून लाकडी ठोकळ्याभोवती चारी बाजूंनी मुडपली, कोपऱ्यांना सोल्युशन लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. चहा अजून गरम होता. डबा ड्रॉवरमध्ये बसला, ड्रॉवर बंद झाला. नळ, तो म्हणाला, उद्या बघू.

चांगला डबा स्क्रूंच्या वाट्याला राहत नाही. आठवड्याच्या आत आईने तो देवाच्या वातींसाठी नेला. वातींचं तूप तळाला लागलं, म्हणून मावशींनी तो मोरीत ठेवून आत सोडा टाकला आणि वर उकळतं पाणी ओतलं. त्यांची हाक ऐकून मी धावलो. सोल्युशनचे कोपरे जिवाच्या आकांताने धरून होते, पण भिंती आत झुकून एकमेकींकडे वळल्या होत्या, तळ पाठ फुगवून उठला होता आणि डोळ्यांदेखत डब्याचा पाइप होत होता.

मी प्लंबरला फोन लावला.

"होणारच साहेब," तो म्हणाला. "पण फेकू नका. दुसऱ्या मजल्यावर तेवढाच तुकडा कमी पडतोय."