कंपनी निधी उभारतेय, पेढे वाटा

परवा आमच्या एका तीन रुपयांच्या कंपनीची नोटीस आली. पुन्हा प्रेफरेन्शियल इश्यू, म्हणजे मोजक्या निवडक मंडळींनाच नवे शेअर. पुन्हा वॉरंट, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क. भागधारकांच्या ग्रुपवर टाकली, तर खाली अंगठे आणि फटाके. "फंड येतोय, आता थांबत नाही!" एवढी श्रद्धा पाहून राहवेना. तेव्हा नव्या भाविकांसाठी चार हिताच्या गोष्टी.

शेअर घेताना फक्त भाव पाहावा. तीन रुपये म्हणजे स्वस्त, तीन हजार म्हणजे महाग. कंपनीचे एकूण शेअर किती, हे विचारणं अपशकुनी समजावं.

काल साड्या विकणारी कंपनी आज एआयमध्ये उतरली की दुप्पट घ्यावेत. सामंजस्य करार कोणाशी, किती रकमेचा, असल्या शंका काढू नयेत.

एक्स्चेंजने शेअर एएसएममध्ये, म्हणजे जादा देखरेखीच्या यादीत, टाकला तर तो मान समजावा.

टेलिग्रामवरच्या आणि यूट्यूबवरच्या 'सरां'ना गुरुस्थानी मानावं. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीला अदानी समूह विकत घेणार, असं सांगणारे व्हिडिओ २०२२ मध्ये फिरत होते. मार्च २०२३ मध्ये त्यावर बाजार नियामक सेबीचा आदेश आला. तोवर छोटे भागधारक दोन हजारांच्या आसपास होते ते पंचावन्न हजारांवर गेले होते. त्यांना माल विकला कोणी, हा प्रश्न सरांना विचारू नये, ब्लॉक होता.

आता वॉरंट. तुम्ही शेअर घेता तेव्हा पूर्ण पैसे तिथल्या तिथे मोजता. वॉरंटवाल्यांनी भाव आज ठरवायचा, पंचवीस टक्के भरायचे आणि अठरा महिने आरामात बसायचं. दरम्यान ऑर्डरच्या बातम्या, परदेशी शिष्टमंडळाचे फोटो, सरांचं 'टार्गेट चाळीस'. भाव चढला तर उरलेले पैसे भरून शेअर उचलायचे. नाही चढला तर भरलेल्या पंचवीस टक्क्यांवर पाणी सोडायचं, जोखीम संपली. तुमची जोखीम कधी संपते हो? समजा दहा कोटी शेअर आहेत आणि दहा कोटी नफा, म्हणजे शेअरमागे रुपया. त्यात पंधरा कोटी नवे शेअर आले की राहिले चाळीस पैसे. पंगत वाढली, आमटी तेवढीच. "पण नव्या पैशातून नफा वाढेल ना?" वाढेल की! मागच्या इश्यूतून वाढला तसाच. तेव्हाही 'खेळतं भांडवल' म्हणाले होते. ताळेबंद उघडा, ते खेळत खेळत कुठल्याशा ओळखीच्या कंपनीकडे कर्ज म्हणून गेलंय. व्याजाचा पत्ता नाही. आणि ज्यांना प्रेफरेन्शियलमध्ये शेअर मिळाले, त्या बिगर-प्रवर्तकांचा सहा महिन्यांचा लॉक-इन (विक्रीबंदी) सुटताच लोअर सर्किट लागायला लागतं, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकतो, तेव्हा सर म्हणतात, "होल्ड करा, वीक हँड्स झटकतायत." वीक हँड्स, म्हणजे घाबरून विकणारे, ते आपणच ना?

नंतर बोनस शेअरची घोषणा होते आणि सगळे पुन्हा खूश. एकाचे दोन झाले! भाव निम्मा झाला, हे सांगणारा नतद्रष्ट.

बास झालं. आता सरळच बोलतो. प्रवर्तक लबाड आहेत हे मान्य, पण या इश्यूला मंजुरी देणारा भागधारकांचा ठराव पास कोण करतं? विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट लागतात. आपल्या कंपनीत प्रवर्तकांकडे वीस टक्केसुद्धा शेअर नाहीत. बाकीचे तुमच्या-आमच्याकडे आहेत. दर वेळी तुम्ही ई-व्होटिंगचा मेल न उघडता डिलीट करता आणि ठराव नव्याण्णव टक्क्यांनी पास होतो. दिवसभर ग्रुपवर रॉकेट सोडायला वेळ आहे, एक ओटीपी टाकायला नाही? वर भाव पडला की सेबीच्या नावाने खडे फोडायचे! नोटिशीत वाटप कोणाला होणार आणि त्यामागचे खरे लाभार्थी कोण, हे द्यावंच लागतं. वाचा ना ती नावं! मागच्या इश्यूतल्या नावांशी ताडून बघा. विरोधात मत टाका, आणि पैसे कुठे गेले ते कंपनी सेक्रेटरीला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार करा. हेही जमत नसेल तर एफडी करा आणि ग्रुप सोडा.