उसाचा ट्रॅक्टर आणि माझं मिसळणीचं गणित

गेवराईहून प्रतिक्रिया देणाऱ्या दादांना,

वेगवेगळ्या सेन्सरच्या नोंदी मिसळून प्रवासाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "चार खोटे साक्षीदार एका ओळीत बसवले म्हणून खरं बाहेर येत नाही. तुमच्या सेन्सरला आमच्याकडचा उसाचा ट्रॅक्टर दिसतो का? त्यापेक्षा रस्त्याकडेच्या यंत्रांचे वेग घ्या, सरासरी काढा, झालं." टोला बसला, आणि निम्मा तरी बरोबर बसला. 'जितके जास्त सेन्सर तितका अंदाज अचूक' हे माझं वाक्य मागे घेतो.

मिसळणीचं गणित असं. समजा यंत्रावरून वेळ निघाली ४० मिनिटं, चूक ४ मिनिटांची. मोबाइलच्या जीपीएसवरून निघाली ५०, चूक ८ची. चूक दुप्पट, तर वजन पाव. म्हणून ४:१ने मिसळलं की ४२ मिनिटं, आणि चूक साडेतीनच्या आसपास, दोघांहून कमी. पण दोघांच्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतील तर हे सगळं पाण्यात. तुमचा मुद्दा तोच आहे. फास्टॅगचंच बघा ना: राष्ट्रीय महामार्गावर दुचाकी आणि ट्रॅक्टरला टोलच नाही, म्हणजे दोन नाक्यांमधली वेळ निघते ती कार, ट्रक, बसची. त्यात कुणी धाब्यावर तासभर जेवत बसला, की तो तासही रस्त्याच्या माथी! म्हणून तिथे सरासरी नाही, मध्यक घ्यायचा, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावून बरोबर मधली.

आता ट्रॅक्टर. तो स्वतः नोंदीत नसला तरी त्याच्यामागची रांग असते. दुपदरी रस्त्यावर डबल ट्रॉली पंधरा-वीसच्या वेगाने निघाली (वर टेपचा दणदणाट), समोरूनही गाड्या येत राहिल्या, की मागच्या दहा गाड्या तेवढ्यावरच रखडतात, आणि त्यांतले मोबाइल नेमकं तेच सांगतात. चौपदरीवर गाड्या बाजूने निघून जातात. तिथे कारची वेळ काढताना ट्रॅक्टर नाही दिसला तरी बिघडत नाही.

सरासरीचं मात्र मान्य नाही. ३० किलोमीटर ६०च्या वेगाने आणि पुढचे ३० किलोमीटर २०च्या वेगाने गेलात, तर दोन टप्प्यांवरची दोन यंत्रं सरासरी ४० दाखवतील, म्हणजे दीड तास. प्रत्यक्षात अर्धा तास अधिक दीड तास, दोन तास लागले. खरा सरासरी वेग ३०. टप्पे सारख्या लांबीचे आणि वेग वेगवेगळे असले, की वेगांची साधी सरासरी प्रवासाची वेळ कमीच दाखवते, आणि आपण लग्नाला उशिरा पोचतो.

एक सांगा, तुम्ही धुळे-सोलापूर महामार्गाबद्दल बोलताय की कारखान्याकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याबद्दल? आतला असेल तर वाद संपला, तुम्ही जिंकलात. तिथे ना टोल, ना यंत्र, मोबाइलही मोजकेच. मग अंदाज बांधायचा तो जुन्या नोंदींवर. त्यांत जून-जुलैही मिसळलेले असतात, आणि डिसेंबरातला तुमचा ट्रॅक्टर त्यात विरघळून जातो.